ज्यांनी माझं ऐकलं

सोमवार, २ मे

सकाळी नऊ वाजता पाक जुमादी दवाखान्याच्या पायरीवर रक्त ओकले. लालभडक, आणि थांबेना. मी आणि पाक वागिमिन, दोघांनी मिळून त्यांच्या दोन्ही हातांना सलाइन लावलं, गाडीत घातलं आणि शहरातल्या हॉस्पिटलला पाठवलं. दीड तासाचा रस्ता. दुपारी फोन आला की वाचले. तोपर्यंत मी पेशंट तपासत होते, हसत होते, गोळ्या लिहून देत होते. फोन ठेवला आणि मागच्या मोरीत जाऊन बसले.

मी भित्री आहे. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही. चार महिन्यांपूर्वी कलिवुलुह गावी डॉक्टर म्हणून आले तेव्हापासून रोज सकाळी दार उघडताना वाटतं, आज माझ्या हातून कुणीतरी जाणार. म्हणूनच मी जरा कडक वागते. आवाज मोठा ठेवला की तो कापत नाही.

जुमादींच्या खिशात पाच पुड्या सापडल्या. वर नारळाच्या झाडावर चढणाऱ्या खारीचं चित्र. 'अंगदुखी, सांधेदुखी, थकवा. एका पुडीत आराम.' मागे आलं, हळद, मिरी, पिंपळी असलं काय काय छापलंय. आल्या-हळदीनं कुणाच्या पोटाला भोक पडत नाही. आत वेदनाशामक गोळ्या कुटून घातल्यात, पैजेवर सांगते.

पाक वागिमिन इथे सत्तावीस वर्षं नर्स आहेत. (इथे काका तो पाक, बाई ती बू, ताई ती यू, म्हातारं माणूस म्बाह; म्हणून मी बू डॉक्टर.) त्यांना विचारलं, ही पुडी गावात किती जण घेतात?

"कोण घेत नाही ते विचारा, बू डॉक्टर. यादी लवकर संपेल."

गाव कौलांचं. पहाटेपासून चिखल तुडवायचा, साच्यात दाबायचा, वाळवायचा, वाहायचा, भट्टीपाशी भाजून निघायचं. संध्याकाळी अंग मोडून पडतं. मग एक पुडी कोमट पाण्यात, वर कच्च्या अंड्यातलं पिवळं, आणि सकाळी माणूस पुन्हा नवा.

"आणि तुम्ही?"

पाक वागिमिननी छताकडे पाहिलं. "मी फक्त पावसाळ्यात."

शुक्रवार, ६ मे

चार दिवस प्रत्येक पेशंटला एकच सांगतेय. खार छाप बंद. आजपासून बंद. एकही नाही.

सगळे म्हणतात, "इंग्गिह." होय म्हणण्याची ही इथली सगळ्यात अदबीची रीत, मान खाली, हात पोटाशी. वडीलधाऱ्यांना, मुख्याध्यापकांना, डॉक्टरला दुसरं उत्तर द्यायचंच नाही. 'नाही' हा शब्द या गावात तोंडावर कुणी कुणाला म्हटलेला मी अजून ऐकला नाही. मीही याच भाषेत वाढले, पण शहरात. तिथे निदान लोक वाद तरी घालतात. इथे इंग्गिहची भिंत. तिच्यामागे काय चाललंय ते देव जाणे.

पुड्यांचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवला. निकालाला महिना लागेल म्हणे.

सोमवार, ९ मे

आजचा दिवस चांगला गेला. असं मी फार वेळा लिहीत नाही.

गावच्या सभागृहात सभा घेतली. जुमादींच्या रक्ताची गोष्ट सांगितली, काहीही न लपवता. मग यू लेगियेम उठल्या. कौलं वाहणारी बाई, सेहेचाळीस वर्षांची. गेल्या दोन वर्षांत चेहरा चंद्रासारखा गोल झालाय, गाल लाल, आणि बायका त्यांना चिडवतात की आजीबाई व्हायच्या वयात बाळसं धरलं. त्यांनी खांद्यावरच्या कापडाची गाठ सोडून बेचाळीस पुड्या टेबलावर ओतल्या.

"पाच वर्षं रोज घेतेय, बू डॉक्टर. आज सोडली. घ्या."

सभागृहात टाळ्या. मग म्बाह कार्सो उठले. भट्टीचे सगळ्यात जुने जाळकरी, सत्तरीचे, खाष्ट, गावच्या मुख्यालाही उलट बोलणारे एकटेच. म्हणाले, "बाई घाबरत नाही तर मी काय घाबरतो?" आणि पुड्या उचलून बाहेर गेले, चालू भट्टीच्या तोंडात टाकल्या. लोक हसले. त्यांची बायको म्बाह पाइनाह पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मी त्यांना सगळ्यांदेखत सांगितलं, "म्बाह, आता यांच्यावर लक्ष तुमचं. एकही पुडी द्यायची नाही. मागितली तरी नाही. गयावया केली तरी नाही." त्यांनी हात जोडून इंग्गिह म्हटलं. पुडी सोडायला एकवीस जणांनी नावं दिली.

इबूपण पुढच्या रांगेत होत्या, माझ्या सासूबाई. त्यांचं इंग्गिह सगळ्यांत मोठं. घरी येताना म्हणाल्या, "न्दुक, आज तू अगदी खरी डॉक्टर दिसत होतीस." न्दुक म्हणजे पोरी, लेकी. माझा नवरा सेतो वर्षातले नऊ महिने जहाजावर असतो, तेव्हा माझं माहेर-सासर सगळं याच बाई. गुडघ्यांसाठी त्याही सात वर्षं पुडी घेत होत्या, हे मला आजच कळलं. त्यांनीही सोडली.

शनिवार, १४ मे

लेगियेम आल्या. भूक नाही, मळमळ, अंगात त्राण नाही, सांधे पहिल्यापेक्षा जास्त दुखतात. साहजिक आहे. पाच वर्षं दुखणं दाबून ठेवलं होतं, ते आता वर येणारच. पित्ताची गोळी दिली. म्हटलं, "धीर धरा, पंधरा दिवस कळ काढा." त्या म्हणाल्या, इंग्गिह.

इबूंना काल विहिरीपाशी चक्कर आली होती. उलटीही झाली म्हणे. मी दवाखान्यात होते, मला संध्याकाळी शेजारणीकडून कळलं. पण आज त्या ठणठणीत. पहाटे उठून नारळ खवला, अंगण झाडलं, माझ्यासाठी सोयाबीनचे तेम्पे तळले. मी म्हटलं, बघा, पुडी सोडली की शरीर कसं साफ होतं! घरात मी डॉक्टरकीत शिरले की त्या मला मुद्दाम तसंच उत्तर देतात. म्हणाल्या, "इंग्गिह, बू डॉक्टर," आणि चुलीकडे वळल्या.

बुधवार, १८ मे

काहीतरी आहे.

तीन दिवसांत सात पेशंट. सगळ्यांचं एकच: गळाल्यासारखं वाटतं, मळमळ, पोटात दुखणं, उभं राहिलं की अंधारी, दोघांना बारीक ताप. विषमज्वराची तपासणी केली, काही नाही. डेंगी, नाही. उंदरांच्या लघवीतून होतो तो ताप असेल म्हणून चिखलात काम करणाऱ्यांचे पाय तपासले, जखमा आहेत पण डोळे पिवळे नाहीत. विहिरीचं पाणी बाटलीत भरून पाठवलं.

आज म्बाह कार्सो आले. रक्तदाब ९० वर ६०. दोन दिवसांपासून सर्दी. मी विचारलं, पाणी पिता का? "भट्टीसमोर बसणारा माणूस पाणी पिणार नाही तर काय पिणार?" एवढं बोलायलाही त्यांना दोनदा थांबावं लागलं. मग जरा घुटमळले. "एक पुडी घेतली तर चालेल का, बू डॉक्टर? अर्धी?"

मी आवाज चढवला. "म्बाह, नऊ दिवस काढलेत आणि आता? तुम्हीच माझे पैलवान ना!"

त्यांना ते आवडलं. हसले. मी मीठ-साखरेच्या पाकिटांची पुडकी दिली आणि भट्टीवर जायचं नाही असं बजावलं. कागदावर 'उष्म्याचा त्रास' लिहिलं.

शुक्रवार, २० मे

म्बाह कार्सो गेले.

सकाळी पडवीतल्या बांबूच्या बाजेवर. म्बाह पाइनाहना वाटलं, झोपलेत. चहा शेजारी ठेवून त्या कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. परत आल्या तर चहा तसाच.

मला बोलावलं तोपर्यंत काही करण्यासारखं उरलं नव्हतं. पाठीवर नाण्यानं घासल्याच्या लाल रेघा होत्या, ताज्या. अंगात वारा शिरलाय म्हणून बायकोनं काल घासून दिलं असणार. लोक म्हणाले, वारा छातीत जाऊन बसला. मी दाखल्यावर हृदयविकार लिहिलं. दुसरं काय लिहू? हृदयविकार असेलही. सत्तर वर्षांचा माणूस, विडीचं व्यसन.

पण ९० वर ६०. माझ्याच अक्षरात आहे ते. परवा माझ्यासमोर बसले होते. त्या आकड्यात काहीतरी होतं आणि ते मला दिसलं नाही. जेवण गेलं नाही. इबूंनी भात कालवून समोर ठेवला, तो तसाच ठेवून उठले.

रविवार, २२ मे

आज पाक वागिमिननी गावातलं बोलणं सांगितलं. त्यांना सांगायचं नव्हतं, मी सांगायला लावलं. पुड्या विकणारा माणूस बाजारात म्हणाला की खारीला आगीत टाकलं, आता ती एकेकाला घेऊन जाणार.

"लोकांना खरं वाटतं का हे?"

"लोक हसतात, बू डॉक्टर. पण काल भट्टीच्या वाटेनं कुणी गेलं नाही, लांबून गेले."

मलाच नीट हसता आलं नाही. सकाळपासून एक कागद घेऊन बसलेय, काय समान आहे ते शोधतेय. वेगवेगळ्या विहिरी. वेगवेगळी घरं. कुणी चिखल तुडवतं, कुणी वाहतं, एक तर शिवणकाम करते. वय चाळीस ते सत्तर. आता नऊ झाले, दहावे कार्सो.

सगळ्यात लागतं ते हे, की नऊच्या नऊ माझे सगळ्यात चांगले पेशंट आहेत. वेळेवर येणारे, गोळ्या मोजून घेणारे, सांगितलेलं पाळणारे. आणि तो पाक सुरिप, ज्यानं माझ्या नाकावर टिच्चून सभेतून उठून जाऊन पुडी घेतली, त्याला काही होत नाही! काल डोक्यावर कौलं घेऊन गाणं म्हणत चालला होता. देवाकडे न्याय नाही असं वाटायला लागतं अशा वेळी.

एक इबू तेवढ्या माझ्या डोळ्यांसमोर धडधाकट आहेत, आणि त्यांनी तर माझं ऐकलं. एवढाच आधार. फक्त कातडी फार नाजूक झालीय त्यांची. परवा बादलीचा कान लागला तर दंडावर केवढा निळा डाग! वय झालं आता.

जिल्ह्याला साथीचा संशय म्हणून कळवलं. ते म्हणाले, पथक पुढच्या आठवड्यात पाठवतो. पुढच्या आठवड्यापर्यंत कोण? लेगियेमचं नाव सारखं मनात येतं. आज त्या आल्या नाहीत. जाऊन बघायला हवं होतं. गेले नाही. त्यांच्या दारात मला काय दिसेल याची भीती वाटली.

मंगळवार, २४ मे

सगळं नीट लिहून ठेवायचंय.

अकराच्या सुमारास चौघांनी लेगियेमना बाजेवर घालून आणलं. पहाटेपासून उलट्या. ओठ कोरडे, हातपाय गार, बोलावलं तर डोळे उघडायच्या आणि लगेच मिटायच्या. रक्तदाब ७० च्या आसपास, खालचा ऐकूच येईना. साखर ४८. दवाखान्याची गाडी सकाळीच एका बाळंतिणीला घेऊन शहरात गेलेली, परत यायला दोन तास. ग्लुकोज दिलं, सलाइन जोरात सोडलं. साखर वर आली, रक्तदाब येईना. दुसरी बाटली. येईना. त्यांची मुलगी दाराशी उभी राहून मला विचारत होती, "आई बरी होईल ना, बू डॉक्टर?" आणि मला या गावातल्या लोकांसारखंच तोंडावर नाही म्हणता येईना.

पाक वागिमिन हळूच म्हणाले, "कार्सोसारखंच आहे."

"माहितीये मला!" मी ओरडले. सत्तावीस वर्षं नोकरी झालेल्या माणसावर.

तेवढ्यात इबू डबा घेऊन आल्या. रोज येतात तशा, नारळाच्या रसातली भाजी आणि भात. लेगियेमना बघितलं आणि डबा हातातच राहिला. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला ओढत औषधांच्या कपाटामागे नेलं.

"न्दुक, रागावू नकोस. हिनं पुडी खरंच सोडली का?"

"सोडली. भट्टीत टाकली तुमच्यासमोर."

त्या रडायला लागल्या. "मी नाही सोडली."

मला काही कळेना. या घटकेला ही बाई हे काय सांगतेय?

"सोडली होती, तीन दिवस. चौथ्या दिवशी विहिरीपाशी खालीच बसले. उलटी, घाम, डोळ्यांपुढे काळं. असंच. अगदी हिच्यासारखं. वाटलं, आता सेतोला न बघताच जाणार. तांदळाच्या डब्यात एक पुडी राहिली होती. घेतली. दुपारपर्यंत उठून भाजी चिरली मी, न्दुक. तेव्हापासून रोज घेते, तू गेल्यावर."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तुझ्या तोंडावर नाही कसं म्हणायचं? एवढं मनापासून सांगत होतीस."

मी त्यांच्याकडे बघितलं. चार महिने रोज बघतेय, आज पाहिलं. गोल गरगरीत चेहरा. लाल गाल. मानेमागे चरबीचा उंचवटा. दंडावरचे निळे डाग. वळून बाजेकडे बघितलं, तिथेही तोच चेहरा, फक्त पांढरा पडलेला. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात फोटो असतो हा! पुडीत नुसतं वेदनाशामक नव्हतंच. स्टिरॉइड होतं. वर्षानुवर्षं रोज ते बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं. मग ते एका दिवसात बंद केलं तर आत काहीच उरत नाही, ना रक्तदाब धरायला, ना साखर धरायला. साधी सर्दीसुद्धा माणसाला पुरते. एकदम बंद करू नये, हे परीक्षेत मी स्वतः लिहिलंय, खाली रेघ मारून.

ॲलर्जीसाठी ठेवतो ते डेक्सामेथासोनचं इंजेक्शन कपाटात होतं, माझ्या डोक्याच्या उंचीवर. पंधरा दिवस तिथेच होतं. शिरेतून दिलं. इबू लेगियेमचे तळवे चोळत बसल्या. तासानं रक्तदाब ८४. दोन वाजता ९६. गाडी आली तेव्हा लेगियेमनी डोळे उघडले आणि मुलीला विचारलं, कोंबड्या कोंडल्या का? तरीही त्यांना शहरात पाठवलं, चिठ्ठीवर सगळं लिहून. संध्याकाळी फोन आला, पेज प्यायल्या.

मग मी ती बावीस तारखेची यादी काढून वाचली. उत्तर मीच लिहून ठेवलं होतं, तक्रार म्हणून.

बुधवार, २५ मे

सकाळपासून पाक वागिमिन आणि मी घरोघर. नाव दिलेले एकवीस, त्यातले कार्सो नाहीत, लेगियेम शहरात. उरलेले एकोणीस. गोळी द्यायची आणि आठवड्या-आठवड्यानं कमी करत न्यायची, महिने लागतील. लोकांना एवढंच सांगितलं की नवीन औषध आहे. खरं काय ते सांगितलं नाही. आधी सगळे वाचू देत, असं स्वतःला समजावलं. पण खरी गोष्ट ही की माझी पाचावर धारण बसलीय.

आणखी एक अडचण. मला माहीत असायला हवं की पुडी खरंच कुणी सोडली आणि कुणी नुसतं इंग्गिह म्हटलं. दोघांना वेगळा डोस.

"खरं सांगा. लपून घेत असाल तर मी रागावणार नाही. उलट आनंद होईल मला."

सगळे एकमेकांकडे बघतात. डॉक्टरला झालंय काय? एक आजी शेवटी पुटपुटल्या, "अधूनमधून, बू डॉक्टर. रोज." मी त्यांना मिठीच मारली. म्हातारी घाबरून मागे सरली.

एकोणिसांतल्या आठ जणांनी मला फसवलं होतं. आठही जण चालतेफिरते आहेत. उरलेल्या अकरांपैकी दोघींना आज तिथेच सलाइन लावावं लागलं.

पण नाव न दिलेले शेकड्यानं आहेत, रोज पुडी घेणारे. लोकांच्या मनात खारीची भीती बसलीय, उद्या घाबरून सगळ्यांनी एकदम सोडली तर? सभा घ्यायलाच हवी. तिथे खरं सांगितल्याशिवाय चालणार नाही. परवा सकाळी नऊची वेळ ठरवली. त्याआधी एका माणसाला ते माझ्या तोंडून कळायला पाहिजे.

गुरुवार, २६ मे

कार्सोंचा सातवा दिवस. दुपारी गेले, संध्याकाळच्या प्रार्थनेची माणसं जमायच्या आत. अंगणात बायका केळीच्या पानात भात बांधत होत्या. वाटेत वाक्यं जुळवली होती. म्बाह, माझं चुकलं. म्बाह, माझ्या सांगण्यामुळे. दोनच वाक्यं, पण त्यांच्या पडवीपर्यंत तीनदा मागे फिरावंसं वाटलं. तक्रार होईल, नोकरी जाईल, याची भीती होतीच. पण त्यांच्या चेहऱ्याची त्याहून जास्त.

म्बाह पाइनाहनी मला त्याच बाजेवर बसवलं. चहा आणला. माझं तोंड उघडायच्या आत त्याच बोलायला लागल्या.

"बरं झालं आलात. कुणाला विचारावं कळत नव्हतं. आदल्या संध्याकाळी ते सारखे पुडी मागत होते, बू डॉक्टर. एकच दे म्हणाले. त्या माणसानं पन्नास वर्षांत माझ्याकडे काही मागितलं नाही, नुसतं ओरडून घेतलं. आणि त्या दिवशी हात जोडले. माझ्याकडे एक होती, मिठाच्या मडक्यात लपवलेली. नाही दिली. म्हटलं, मी बू डॉक्टरना शब्द दिलाय सगळ्या गावासमोर. मग पाठ घासून दिली नाण्यानं, तेवढंच." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी बरोबर केलं ना?"

अंगणात कुणीतरी हसत होतं. भाताचा वास येत होता. माझी दोन वाक्यं तयार होती.

मी म्हणाले, "इंग्गिह, म्बाह."

त्यांनी डोळे पुसले आणि मला केळीच्या पानातला भात बांधून दिला. घरी आल्यावर इबूंनी विचारलं, सांगितलंस? मी मान हलवली, कशी ते मलाच माहीत नाही.

शुक्रवार, २७ मे

सांगितलं. आवाज मोठा ठेवला नाही, तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेला असावा, कारण कुणी खोकलंसुद्धा नाही.

म्हटलं, पुडी वाईट आहे. पण ती एकदम सोडायला सांगितली ती माझी चूक, आणि त्या चुकीनं लोक आजारी पडले. एकदम सोडू नका, दवाखान्यात या, हळूहळू सोडवू. आणि म्हटलं, म्बाह कार्सो बहुतेक त्यामुळेच गेले. जिल्ह्याला हेच लिहून कळवलंय. हे बोलताना पहिल्या रांगेकडे बघणं भाग होतं. म्बाह पाइनाह तिथे बसल्या होत्या, त्याच खुर्चीवर. त्या सबंध वेळ आपल्या हातांकडे बघत होत्या.

समजलं का सगळ्यांना, असं विचारलं. सगळं सभागृह म्हणालं, इंग्गिह. त्याचा अर्थ काय ते आता महिनाभर घरोघर फिरून मोजायचंय. पाक सुरिप तेवढा उभा राहून म्हणाला, "म्हणजे माझंच बरोबर होतं की!" कुणीही हसलं नाही, तेव्हा बिचारा खाली बसला.

लोक पांगले. मी खुर्च्या लावत होते, म्हणजे खुर्च्यांच्या आड उभी होते. म्बाह पाइनाह जवळ आल्या. रागावल्या असत्या, ओरडल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी अगदी हळू आवाजात, नेहमीच्या अदबीनं विचारलं.

"काल तुम्ही मला बरं वाटावं म्हणून तसं म्हणालात, होय ना, बू डॉक्टर?"

मी त्यांच्याकडे बघितलं.

"इंग्गिह, म्बाह."

त्यांनी मान हलवली, बराच वेळ हलवत राहिल्या. मग मिठाचे कण चिकटलेली एक पुडी माझ्या हातात ठेवली आणि आपल्या चपला शोधायला बाहेर गेल्या.